गाणे सापडले, नावाचे काय?



"सगळी गाणी आता फोनवर मिळतात. मग एका बंद पडलेल्या जुन्या यंत्रापायी शाळेच्या संगणक कक्षाने चार शनिवार का घालवले?" हा प्रश्न आम्हाला अलीकडे दोनदा विचारला गेला. एकदा पालक सभेत आणि एकदा विश्वस्त मंडळाच्या बैठकीनंतर चहा घेताना. प्रश्न रास्त आहे. त्याचे तोंडी उत्तर आम्ही त्या त्या वेळी दिले, परंतु चहाच्या कपाबरोबर दिलेली उत्तरे कपाबरोबरच संपतात. म्हणून येथे जरा सविस्तर लिहीत आहोत.

यंत्र म्हणजे आयपॉड. आज सहावी-सातवीत असलेल्या मुलांनी हे नाव कदाचित ऐकलेही नसेल. ॲपल कंपनीने तो ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर केला. पहिल्या आयपॉडमध्ये ५ जीबी जागा होती आणि हजार गाणी खिशात मावतात अशी त्याची जाहिरात होती. मे २००२ नव्हे, २०२२ मध्ये त्याच्या शेवटच्या प्रकाराचेही उत्पादन थांबल्याचे कंपनीने जाहीर केले, म्हणजे वीस वर्षांत जन्म आणि निवृत्ती दोन्ही उरकली. आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीच्या आजोबांना त्यांच्या अमेरिकेतील मुलाने असा एक आयपॉड पाठवला होता. आजोबा निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते आणि गाण्याचे वेडे होते. निवृत्तीनंतर मोठ्या नातवाला हाताशी धरून त्यांनी आपल्या कॅसेट आणि सीडी एकेक करून संगणकावर घेतल्या आणि आयपॉडमध्ये भरल्या. त्यांच्या पश्चात तो संगणकही मोडीत गेला. आणि एके दिवशी आयपॉड सुरू केला तर पडद्यावर एकही गाणे नाही.

शहरातील एका दुकानात सांगण्यात आले की "रिस्टोअर मारावे लागेल." विद्यार्थिनीच्या आईने ते करू दिले नाही, याबद्दल आम्ही त्यांचे येथे जाहीर कौतुक करतो. रिस्टोअर म्हणजे यंत्र कारखान्यातून आले तसे कोरे करणे. पाटी पुसून स्वच्छ केली की अक्षर सापडत नाही हे समजायला संगणकाचे शिक्षण लागत नाही, तरीही दुकानदार लोक हे औषध सरसकट देतात.

आमच्या संगणक शिक्षकांनी यंत्र जोडून पाहिले तेव्हा आत जागा भरलेली दिसत होती. म्हणजे गाणी होती, फक्त त्यांची यादी बिघडली होती. असे समजा की ग्रंथालयातील पुस्तके कपाटात शाबूत आहेत, पण नोंदवही वाळवीने खाल्ली. आयपॉड यादी पाहूनच गाणे शोधतो, त्यामुळे यादी गेली की त्याच्या लेखी गाणेच नाही. गाणी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. त्यात एफ००, एफ०१ असे अनेक कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात चार रोमन अक्षरांच्या निरर्थक नावाच्या फाइली. आठवी-नववीच्या मुलांनी त्या सगळ्या प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि मूळ यंत्राला हात लावायचा नाही असा नियम केला. हा नियम आमच्या मते घराघरांत लावून ठेवावा: आधी प्रत, मग दुरुस्ती.

आता कोणती फाइल कोणाची, हे कसे ओळखायचे? येथे खरी गंमत आहे. एमपी-थ्री गाण्याच्या पोटातच एक चिठ्ठी असते, तिला टॅग म्हणतात. १९९६ च्या सुमारास ही पद्धत निघाली तेव्हा ही चिठ्ठी गाण्याच्या अगदी शेवटी, अखेरच्या १२८ बाइट्समध्ये लिहिली जात असे. गाण्याच्या नावाला ३०, गायकाच्या नावाला ३०, संग्रहाच्या नावाला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० अशी काटकसरीची वाटणी. पुढे सुधारित टॅग आला, तो गाण्याच्या आरंभी बसतो, त्यात देवनागरी लिहिता येते आणि कव्हरचे चित्रही ठेवता येते. फाइलीचे बाहेरचे नाव काहीही झाले तरी आतली चिठ्ठी गाण्याबरोबर प्रवास करते.

गाण्याच्या शेवटी नाव ठेवण्याची ही युक्ती संगणकवाल्यांची नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण केले. त्या काळी तबकड्या छापायला जर्मनीतील हॅनोव्हरला जात. तेथील कामगारांना ना भाषा कळे ना राग. मग कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवायचे? म्हणून गाणे संपताना गायिकेने आपले नाव इंग्रजीत सांगायचे, अशी पद्धत पडली. गौहर जान यांच्या त्या जुन्या तबकड्या आज ऐकल्या तर शेवटी ही घोषणा ऐकू येते. लोकांना ती ऐट वाटते. वस्तुतः ती चिठ्ठी आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या तबकडीचे कागदी लेबल फाटले, पुठ्ठ्याचे पाकीट कुजले, तरी गाणारीचे नाव गाण्यातच राहिले.

आमच्या मुलांना मिळालेल्या गाण्यांपैकी निम्म्याहून अधिक गाण्यांची नावे अशी आतल्या चिठ्ठीवरून लागली. उरलेल्यांवर 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२', गायक 'अज्ञात'. याचे कारण विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. बाजारातील साध्या सीडीवर बहुधा केवळ आवाज असतो, नावे नसतात. संगणकात सीडी घातल्यावर जी नावे उमटतात ती इंटरनेटवरील एका साठ्यातून येतात, आणि त्या साठ्यात ती कोणीतरी, कोठेतरी बसून टाइप केलेली असतात. हिंदी सिनेमाच्या सीडीला नावे पटकन मिळत. नाट्यगीतांच्या, भजनांच्या सीडीला मिळत नसत, किंवा चुकीची मिळत. आजोबांच्या संग्रहात एकाच गायकाचे नाव रोमन लिपीत पाच प्रकारे लिहिलेले निघाले, त्यामुळे यंत्राच्या हिशेबी ते पाच गायक झाले. काही नावे नातवाने कौतुकाने मराठीत टाइप केली होती, पण जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये. तो फाँट आता नाही, म्हणून नावाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. मुलांनो, मराठी टाइप करायचे तर युनिकोडमध्येच करा, असे आम्ही वर्गात सांगतो त्याचे हे कारण.

कव्हरच्या चित्रांची गोष्ट आम्हाला अधिक विचार करायला लावणारी वाटली. काही गाण्यांसोबत कव्हर आले, काहींसोबत आले नाही. शोध घेतल्यावर समजले की आयट्यून्स या प्रणालीने इंटरनेटवरून आपणहून आणलेली चित्रे गाण्याच्या आत जात नसत, ती संगणकातील वेगळ्या फोल्डरमध्ये राहत. आयपॉडमध्ये त्यांची केवळ छोटी प्रतिकृती, तीही वेगळ्या साठ्यात. संगणक मोडीत गेला, चित्रे गेली. याउलट आजोबांच्या सांगण्यावरून नातवाने कॅसेटची कव्हरे स्कॅन करून एकेका गाण्याला हाताने चिकटवली होती. ती गाण्याच्या पोटात बसली, आणि तेवढीच आज परत आली. फुकट, आपोआप, सुबक आलेले गेले. वाकडेतिकडे कापलेले, एका कोपऱ्यात आजोबांच्या अंगठ्याची सावली पडलेले मात्र राहिले.

गेलेली चित्रे पुन्हा मिळवणे अवघड नाही. प्रसिद्ध संग्रहांची कव्हरे आजही शोधली की सापडतात, आणि आमच्या मुलांनी दोन तासांत बरीच लावली. पण तेथेच आम्ही त्यांना थांबवले आणि विचारले, कव्हरची मागची बाजू कोठे आहे? कारण पुढच्या बाजूला गायकाचा फोटो असतो. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तानपुऱ्यावर कोण बसले, पद कोणाचे, चाल कोणाची, हे मागे किंवा कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर असते. पडद्यावरच्या बोटभर चौकोनात मागची बाजू नसतेच. फोनवर मिळणाऱ्या 'सगळ्या' गाण्यांतही बहुतेक वेळा ती नसते. तेव्हा "सगळे फोनवर मिळते" म्हणणाऱ्यांना आमचे नम्र उत्तर असे की पुढची बाजू मिळते.

आणि पुढच्या बाजूवरचे नावही नेहमी पुरेसे नसते. धारवाडात जन्मलेल्या आणि हुबळीत आयुष्य घालवलेल्या गंगूबाई हनगल यांच्या १९३० च्या दशकातील सुरुवातीच्या तबकड्या 'गांधारी हुबळी' या नावाने निघाल्या होत्या. जी. एन. जोशी यांच्यासमवेत त्यांनी मराठी गीतेही गायिली. आता एखाद्याच्या यंत्रात केवळ 'गांधारी' एवढीच चिठ्ठी असलेले मराठी गाणे असेल, तर ऐकणाऱ्याला हा आवाज पुढे अखिल भारताने ऐकलेल्या गंगूबाईंचा आहे हे कोण सांगणार? यंत्र सांगणार नाही. जाणकार माणूसच सांगेल. मुंबईत १९९० साली सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही हौशी संग्राहकांची संस्था असेच काम करीत आली. तबकड्या जमवल्या एवढेच नव्हे, तर त्यांचे क्रमांक, लेबले, गायकांची खरी नावे यांचा छडा लावून 'द रेकॉर्ड न्यूज' या अंकातून छापला.

आपल्या भागाला तर याचे विशेष महत्त्व आहे. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या नाटक मंडळीत ज्यांच्या गाण्याने महाराष्ट्र वेडा झाला ते भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. हिंदुस्थानात गैसबर्ग यांचे यंत्र आले १९०२ साली. एका वर्षाने चुकामूक झाली. भाऊरावांचे नाव आहे, वर्णने आहेत, आवाज कोठेच नाही, आणि तो कोणत्याही युक्तीने परत येणार नाही. आमच्यापुढे आहे ते याच्या उलट: आवाज आहे आणि नाव जात आहे. हे मात्र थांबवता येते.

कुमार गंधर्वांचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण माळव्यात, हिंदी माध्यमातून झाले. तिकडे कुमारजी देवासचेच मानले जातात, आणि तेथे ते १९४८ पासून अखेरपर्यंत राहिलेही. पण त्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहानपणी मोठमोठ्या गायकांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तशाच गाणारा मुलगा म्हणून त्यांची प्रथम ख्याती झाली. म्हणजे ज्या खेड्यात नामवंत बुवा-खाँसाहेब रोज गायला येणे शक्य नव्हते, तेथे तबकडीने गुरूचे काम केले. पण हे कोणाचे गाणे आहे हे लेबलावर छापलेले होते, म्हणूनच ऐकणाऱ्यांना हे कोणाचे हुबेहूब आहे हे कळले. (माळव्यातील आमच्या मित्रांना आम्ही सुळेभावीचे नाव आवर्जून सांगतो. त्यांना ते फारसे आवडत नाही.)

कोणी म्हणेल, ही थोरामोठ्यांची गोष्ट झाली. तर जात्यावरच्या ओव्यांकडे पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गाणाऱ्या बहुतेक बाया शाळेची पायरी न चढलेल्या. तरी त्या कामात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावाचे नाव नोंदले गेले, आणि आज 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या त्या त्या बाईच्या नावानिशी वाचता-ऐकता येतात. कव्हर नाही, कंपनी नाही, पण नाव आहे. निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणाऱ्या, घरोघरी विडी वळणाऱ्या आज्या आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी आहेत. त्यांच्या ओठावर काय आहे ते कोणी विचारले आहे काय?

आता आयपॉडमधील त्या एका फाइलीविषयी, जिच्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला.

संग्रहात एक ४७ मिनिटांची फाइल निघाली. नाव 'ट्रॅक ०१'. ऐकल्यावर सगळा संगणक कक्ष स्तब्ध झाला, कारण ते आपल्याच शाळेचे स्नेहसंमेलन होते. निवेदक त्या वेळच्या मुख्याध्यापकांचे स्वागत करतात त्यावरून साल १९८६ ते १९८८ च्या दरम्यानचे ठरते. आजोबांनी पहिल्या रांगेत टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली कॅसेट असावी, कारण मध्येच जवळच कोणीतरी खोकते. शेवटी एक मुलगा नाट्यपद गातो आणि मग भैरवी. आवाज फुटण्याच्या वयातला, वरच्या सुराला किंचित कापणारा, पण सुरात पक्का. पेटी वाजवणारा हात मात्र शिकाऊ नाही. मुलगा अडखळतो तेथे ती पेटी पुढे न जाता त्याच्यासाठी थांबते आणि त्याला अलगद उचलून घेते. आम्ही गाण्यातले तज्ज्ञ नाही, परंतु शिक्षक आहोत, आणि शिक्षकाचे हात आम्हाला ओळखू येतात.

निवेदकाने "इयत्ता नववी ब" म्हटलेले स्पष्ट ऐकू येते. पुढचे नाव टाळ्यांत बुडाले आहे. पेटी आणि तबल्याची नावे घेतलेलीच नाहीत. आम्ही जनरल रजिस्टर काढले. त्यात नववी 'ब' ची सगळी मुले आहेत, पण कोण गात असे हा रकाना जनरल रजिस्टरला नसतो. दोन माजी विद्यार्थ्यांना फाइल ऐकवली, त्यांनी दोन वेगवेगळी नावे सांगितली आणि दोघेही ठाम आहेत. पेटीवाल्यांविषयी एक म्हणतात बेळगावहून बोलावलेले होते, दुसरे म्हणतात गावातल्याच भजनी मंडळाचे. त्या काळचे जे शिक्षक हयात आहेत ते आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत.

हे गाणे कोणत्याही फोनवर मिळणार नाही. त्याचे नावही इंटरनेटवरील कोणत्याही साठ्यात नाही. ते चार-पाच माणसांच्या आठवणीत आहे, आणि तो साठा दरवर्षी लहान होत आहे.

म्हणून आम्ही विश्वस्त मंडळापुढे एक मागणी ठेवली आहे, तिची माहिती पालकांनाही असावी. सुस्थितीतील दोन कॅसेट डेक आणि दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. एक डिस्क शाळेत आणि दुसरी अन्यत्र, कारण एकाच कपाटातील दोन प्रती म्हणजे एकच प्रत. सभागृहाच्या नव्या ध्वनिवर्धक यंत्रणेचा प्रस्ताव यंदा आहे हे आम्ही जाणतो. आमचे स्पष्ट मत आहे की तो एक वर्ष थांबू शकतो. लाऊडस्पीकर पुढच्या वर्षीही मिळतील. कॅसेटची फीत मात्र दमटपणाने दर पावसाळ्यात थोडी थोडी जाते. शिवाय हे काम घाईने होत नाही, साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात.

हक्कांविषयी एक खुलासा, कारण एका पालकांनी योग्य शंका काढली. आपल्या कायद्याप्रमाणे प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षे असतो, आणि कवी व संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. तेव्हा बाजारातील गाणी शाळा वाटणार नाही. कुटुंबाची गाणी कुटुंबाला परत, एवढेच. शाळेत ठेवू ती शाळेची, गावाची आणि ज्यांनी संमती दिली त्यांची.

सर्वांत महत्त्वाची ती वही. संगणक कक्षात एक जाड रजिस्टर ठेवले आहे. त्यात रकाने असे: गाणे, गाणारे, साथीला कोण, ठिकाण, वर्ष, आणि शेवटी 'हे कोणी सांगितले'. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. दोन मते असतील तर दोन्ही लिहायची, एक खोडून दुसरे नाही. स्थळाचे नाव कॅसेटवर जसे असेल तसेच उतरवायचे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावी झाले आहे आणि आपण पत्रव्यवहारात ते लिहितो, पण १९८७ च्या कॅसेटवर कोणीतरी निळ्या शाईने 'बेळगाव' लिहिले असेल तर चिठ्ठीतही 'बेळगाव'च राहील. नोंद म्हणजे सुधारणा नव्हे.

विद्यार्थ्यांनो, तुमचे काम आजी-आजोबांजवळ बसण्याचे आहे. कॅसेट लावा, आणि गायकाचे नाव विचारून थांबू नका. पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, कोणाच्या अंगणात, कोणत्या निमित्ताने, हे विचारा. कव्हर असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि आतला कागद उलगडून त्याचाही घ्या. कव्हर नसेल आणि कॅसेटवर हाताने लिहिले असेल, तर ते अक्षर हेच कव्हर समजा.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दुपारी दोन वाजेपर्यंत संगणक कक्ष उघडा राहील. कॅसेट, सीडी, बंद पडलेले आयपॉड किंवा तत्सम यंत्रे आणावीत, पावती मिळेल. दुकानात रिस्टोअर करून आणू नये. १९८६ ते १९८८ या काळात जे नववीत होते, अथवा त्या संमेलनाला उपस्थित होते, त्यांनी कृपया येऊन ती ४७ मिनिटे ऐकावीत. भैरवी एकेचाळिसाव्या मिनिटाला सुरू होते. मुलाचे नाव आम्हाला बहुधा कोणीतरी सांगेल. पेटीवर कोण होते, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी शनिवारची वाट न पाहता कार्यालयात निरोप द्यावा.